पोसोनच्या दुपारचा सौम्य चहा

२० मे, शनिवार
ठरलं. पोसोनला, म्हणजे लंकेत धम्म आला त्या ज्येष्ठ पौर्णिमेला, विहारात शील (दिवसभराचं व्रत) घेणाऱ्यांसाठी दुपारी चारचं पेय आपल्या घरून जातं. ही माणसं बाराच्या आत जेवतात, मग दुसऱ्या सकाळपर्यंत काही खात नाहीत. गुळाचा खडा तेवढा चालतो. म्हणजे चारचा तो कप हेच त्यांचं सगळं. अम्मा (सासूबाई) नऊ वर्षं नुसती बेलफुलं उकळून देतात. लोक पितात. पण लोक पाणीसुद्धा पितात.
यंदा चहा मी करणार. मिश्रण माझं.
यात अहंकार आहे का, असं स्वतःला विचारलं. दहा मिनिटं प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

२१ मे, रविवार
अम्मांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कर की. मी यंदा आरामात पहिल्या रांगेत बसेन. पण पुता, एकशे वीस माणसं आहेत. बिघडवलंस तर तोंड मलाच दाखवायचंय गावात."
मी म्हणालो, काळजी नको. बायको इनोका नुसती हसली. हे मी नोंदवून ठेवतो आहे.

२४ मे, बुधवार, सकाळी ६
शास्त्रशुद्ध सुरुवात. बेलफुलं, तरवडाची फुलं, उपळसरीची मुळं, गवती चहा. प्रत्येकाचा वेगळा कप. चहा चाखणारे तज्ज्ञ घोट मोठ्या आवाजात ओढतात, म्हणजे चव टाळूपर्यंत जाते. तसाच ओढला. अम्मांनी आतून विचारलं, "दाढ दुखतेय का?"
दुसऱ्या घोटाला शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकलं.
निष्कर्ष: जीभ तयार होते आहे.

२७ मे, शनिवार
चाचणी. तीन कप, बुडाला चिठ्ठ्या. एकात अम्मांचा साधा चहा, दोनांत माझी मिश्रणं. इनोकाने जागा बदलल्या. मी डोळे मिटून चाखले. सर्वोत्तम कप निवडला. खोल, शांत, कुठेही आगाऊपणा नाही.
चिठ्ठी पाहिली. अम्मांचा.
प्रामाणिकपणे लिहितो आहे. पण हेही लिहायला हवं, की चिठ्ठ्या ओल्या झाल्या होत्या आणि ओल्या चिठ्ठ्या सरकतात. चाचणी रद्द.

२९ मे, सोमवार
काय कमी आहे ते स्टाफरूममध्ये नववीच्या वह्या तपासताना सुचलं. अंग! चहाला अंग नाही. उपाशी माणसाच्या पोटाला थोडा आधार हवा. केवढी साधी करुणा, आणि नऊ वर्षांत कोणाला सुचली नाही.
लाल तांदूळ मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजले. फुलांबरोबर उकळले. गाळले.
हेच ते.

३१ मे, बुधवार
घटक गुप्त ठेवले आहेत. अम्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "काय भाजतोयस रे?" मी म्हणालो, योग्य वेळी कळेल. हे खोटं होतं का? तपासलं. नाही.
विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष गुणसिरी मुदलाली यांच्या दुकानातून आणखी दोन किलो तांदूळ आणले. ते म्हणाले, "सर, पाहुणे वाटतं?" मी गूढ हसलो.

३ जून, शनिवार, पोसोन, दुपारी २
दोन पिंपं तयार. सुगंध असा, की व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला, "सर, भूक लागली." करुणा काम करते आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
जसं घडलं तसं लिहितो.
पांढऱ्या कपड्यांतली एकशे वीस माणसं. सगळ्यांच्या हाती कप, तळहातावर गूळ. विहाराचे प्रमुख भिक्खू, भंते, यांचं पठण संपण्याची वाट. अम्मा पहिल्या रांगेत. त्यांनी कप नाकाशी नेला, थांबल्या आणि माझ्याकडे बघून हळू म्हणाल्या, "पुता, याला भाताचा वास का येतोय?"
मी सांगणार होतो, की तेच तर रहस्य आहे. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दुपारनंतर धान्य! गाळलं तरी धान्यच. चालत नाही, हा नियम लहानपणापासून पाठ आहे. एकशे वीस जणांचं शील माझ्या पिंपात बुडायला निघालं होतं.
गप्प बसता आलं असतं. अम्मांना म्हणता आलं असतं, तरवडाचा वास आहे. हा विचार मनात आला, हे नोंदवतो. साधारण दोन सेकंद होता.
मग मी ओरडलो, "थांबा! कोणी पिऊ नका!"
शब्द आणखी विचारपूर्वक निवडायला हवे होते. मागच्या रांगेत एक आजी "पाल पडली गं बाई!" म्हणून किंचाळल्या. चारपाच कप उडाले. मी म्हणालो, "पाल नाही! तांदूळ!" मग गुणसिरी मुदलाली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, मला वाटलं पाहुणे आहेत."
भंतेंनी हसू आवरून लिंबू सरबत करायला सांगितलं. अर्धा तास मी आणि इनोका लिंबं पिळत होतो. अम्मा घरी येताना एवढंच म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस." हातातला गुळाचा खडा मात्र त्यांनी न खाता माझ्या हातावर परत ठेवला.

४ जून, रविवार, सकाळी ९
भंतेंचा निरोप आला होता: सकाळी चालतं, न्याहारीबरोबर थोडा आणा. म्हणजे दुसरी संधी. सहाला कप आणि सोबत गूळ घेऊन हजर.
भंतेंनी घोट घेतला. डोळे मिटले. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "गूळ फार सुरेख आहे. कुठला?"
मी खरं ते सांगितलं. अम्मांच्या भावाकडचा.
परत येताना विचार केला. गुळाची चव एवढी खुलली, तर ती कोणी खुलवली? भंते शब्द जपून वापरतात.
हे इनोकाला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि मला मोठा मग दिला. दीड पिंप उरलं आहे म्हणाली, आणि पिंपं उद्या सकाळी परत करायची आहेत.

दुपारी ३
नववा मग. अम्मांनी स्वतःपुरती बेलफुलं उकळली आहेत. त्यांनी विचारलं, अर्धा कप देऊ का? मी तत्त्व म्हणून नाही म्हणालो.

दुपारी ३.१०
घेतला.