मामांचा दहाचा सुळका

३ मार्च
आजपासून शिस्त. प्रयोग सोपा आहे. पडद्यावर चार चौकोन : पाणी, चहा, पंखा, मदत. प्रत्येक वेगळ्या वेगाने लुकलुकतो. माणूस ज्याच्याकडे बघेल, त्याच तालावर त्याचा मेंदू चालतो आणि टोपीतल्या तारा तो ताल पकडतात. बोलता न येणारा रुग्ण नुसता बघून चहा मागेल. महिनाअखेर विभागप्रमुख मॅडमसमोर प्रात्यक्षिक. जमलं तर नेमणूक वाढेल, नाहीतर सासऱ्यांचं चष्म्याचं दुकान. दुकानाचा प्रश्नच येत नाही.

६ मार्च
स्वयंसेवक मिळत नाहीत. टोपीखाली लावायचं जेल केसांतून निघत नाही म्हणे. मामांना विचारलं. मामा निवृत्त आहेत आणि त्यांना टक्कल आहे. एसी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

७ मार्च
मामांचं डोकं म्हणजे देणगी. इतका स्वच्छ आलेख मी पाहिला नव्हता. चहाचा चौकोन सेकंदाला दहा वेळा लुकलुकतो. बरोबर दहावर सुळका. पाण्याकडे बघा म्हटलं, तरी दहावरच. म्हणजे यंत्र नजरच नाही, मनातली तल्लफही पकडतं. यावर स्वतंत्र पेपर.

१० मार्च
बायकोने विचारलं, मामा तिथे करतात काय? म्हटलं, बघतात. ती म्हणाली, तू बघितलंस का, ते बघतात ते? मी आलेख बघतो. मामांकडे पाठ असते. मेंदू समोर असताना चेहरा कोण बघतो, असं तिला समजावलं. ती भाजी निवडायला लागली. पटलं असावं.

१४ मार्च
चहाच्या चौकोनाला केटली जोडली. मामा खुर्चीत टेकले की केटली सुरू. शेजारचा टेक्निशियन म्हणाला, त्यांचे डोळे बघ एकदा. मत्सर. मामांचा चष्मा सासऱ्यांनीच केलाय, नंबर बरोबर आहे.

२१ मार्च
संकल्प : कुणाचं ऐकायचं नाही.

२८ मार्च
प्रात्यक्षिक. मी आलेखाकडे तोंड करून छान बोललो. मॅडमनी मामांना पाणी मागायला सांगितलं. केटली सुरू. पंखा. केटली. मदत. केटली. मी म्हटलं, तल्लफ.
मॅडम उठल्या, मामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मला बोलावलं. मामांचे हात पोटावर, डोळे मिटलेले. डोळे मिटून स्वस्थ बसलं की बहुतेकांचा मेंदू दहाच्या आसपासच चालतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात, असं मॅडम म्हणाल्या. पहिल्या वर्षाला मीच शिकवतो.
कधीपासून, असं मामांना विचारलं.
"अरे, पहिल्या दिवसापासून. ते लुकलुकणं सोसत नाही मला. तूच म्हणालास, निवांत बसा. एकदाही वळला नाहीस, मला वाटलं चाललंय तुझं नीट."
चहा मॅडमनी घेतला.

६ एप्रिल
दुकान तात्पुरतं आहे. सासऱ्यांचा एकच नियम : गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभं राहायचं. इतकं साधं कुणालाही जमेल.
दुपारी मामा नंबर तपासायला आले. जरा वेळ बसून होते, दुकानात एसी आहे. मग मी अक्षरांच्या तक्त्यावर काठी ठेवत गेलो आणि त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. या वयात ही नजर. नंबर उतरलाय, असं मी लिहूनही टाकलं.
सासरे गल्ल्यावरून म्हणाले, "जावईबापू, जरा वळून बघता का?"
वळलो. मामांचे हात पोटावर, डोळे मिटलेले. बसल्या बसल्या तक्ता पाठ केला होता.