दुकानं बंद, शेतं चालू

८ डिसें., सोम., नांदेड

आक्कानं आज काम दिलं. म्हणली, "तुला तसंबी एका जागी बसवत न्हाई. मग दुकानं तरी हिंड."

तिच्या खानावळीला पहिल्यांदा मोठं गिऱ्हाईक आलंय. निसर्गोपचार केंद्राच्या डॉक्टर मॅडम. त्यांच्या पेशंटांचे रोजचे डबे. अट एकच, माल सेंद्रिय पाहिजे आन् खरा पाहिजे. डाळ, तेल, गूळ, ज्वारी, सगळं. रविवारी मॅडम स्वतः जेवायला येणार, मग ठरवणार.

दाजी रेल्वेच्या ऑफिसातून आले. चप्पल काढता काढता म्हणले, "हे न्हाई जमलं तर खानावळ बंद. भोकरला जाऊ, मी रेल्वेनं येणंजाणं करीन. तिकडं शेतात हात कमीच पडतेत."

आक्कानं भाकरी अशी थापली की परात सरकली.

मी ITI अर्धी सोडली, ट्रकवर क्लीनर झालो, मंडपवाल्याकडं राहिलो. हिंडल्याबद्दल सगळीकडं शिव्याच खाल्ल्या. हिंडायचंच काम पहिल्यांदा मिळालं.

१० डिसें., बुध.

दुकान १. काचेचं. आत AC, बासरी चालू. बरण्यांवर हिरवी पानं काढलेली. तिथली ताई म्हणली, सर, हे तेल कोल्ड प्रेस आहे. मी विचारलं, कशाचं? ती बाटली फिरवून वाचायला लागली.

गूळ पिवळाधम्मक. डाळ अशी चमकत होती की तोंड दिसावं. घेतलं सगळं. मार्क दहापैकी नऊ. त्यातला एक बासरीचा.

येताना नदीवर एक जण गळ टाकून बसलेला. त्याच्याजवळ बसलो. दुपार तिथंच गेली, मासा एकबी नाही. पण माणूस चांगला होता.

११ डिसें., गुरु.

दुकान २. जुन्या बाजारातला किराणा. शेठ गादीवर.

"सेंद्रिय डाळ हाय का?"
"हाय की."
"ही साधीच दिसून राहिली."
"साधी आत हाय. बाहेर ठेवली की सेंद्रिय."

दोन्ही पोती एकाच छापाची. मी हसलो, तोबी हसला, चहा मागवला. मार्क चार, चहाचे धरून.

१३ डिसें., शनि.

दुकान ३. दुकान कसलं, बचत गटाच्या बायांचा टेबल, कॉलेजच्या गेटजवळ, फक्त शनिवारी. ज्वारी मात्र खरी. मूठभर नाकाशी धरली तर खळ्यात उभं राहिल्यागत वाटलं. घेतली. डाळ संपलेली, तेल ठेवतच नाहीत.

टेबलावरच्या मावशी म्हणल्या, "करडईचं तेल पायजे तर लातूरला जा भाऊ. गोलाईच्या मागं अप्पाचा लाकडी घाणा हाय. डाळ, गूळबी त्याच्याकडंच मिळतंय. बाटलीवरचं वाचून काय घेऊ नको."

लातूर लांब आहे. उद्या तर मॅडम येणार. दुकान १ चा माल घरात आहेच.

मार्क सात. तिथंच एक जण सायकलवर उलटा बसून चालवत होता. तो पडायची वाट बघत लई वेळ थांबलो. पडला नाही.

१४ डिसें., रवि.

मॅडम आल्या. आक्कानं ज्वारी सोडून दुकान १ चाच माल वापरला, माझ्या नऊ मार्कांवर. मॅडमनी पान चाटून पुसून संपवलं. मी आन् आक्का एकमेकांकडं बघून खूश.

मग हात धुऊन म्हणल्या, "ताई, हात तुमचा चांगला आहे. पण डाळ पॉलिशची आहे, गुळात पावडर आहे. आणि तेल फक्त महाग आहे."

ज्वारीबद्दल तेवढं चांगलं बोलल्या. जाताना म्हणल्या, पुढच्या शनिवारी दुपारी परत येते. तेव्हाही असंच असेल तर दुसरीकडं बघेन.

दाजी अंगणात उभे राहून भोकरला फोन लावून बसले. मागच्या खोलीवर पत्रे टाकायचे म्हणून.

आक्का रागावली नाही. तेच जास्त लागलं. भांडी घासता घासता एवढंच म्हणली, "बासरीला मार्क देत असतेत का रे?"

१७ डिसें., बुध.

सोम-मंगळ गेले. जुना मंडपवाला भेटला, लग्नात माणूस कमी पडून राहिलाय म्हणला, चल म्हणला, गेलो. आज आक्कासमोर उभा राहिलो तर तिनं ताट वाढलं आन् विचारलं, "लातूर कधी?"

१८ डिसें., गुरु.

गॅस संपला. दिवस लाईनीत. उद्या पहाटे नक्की.

१९ डिसें., शुक्र., परतीच्या गाडीत

आजचं सगळं लिहायचंय. गाडी हलते, अक्षर कसंबी येऊ दे.

पहाटेची यष्टी. लोह्याच्या अगोदरच झोप लागली. एकदा अहमदपूरला डोळा उघडला, गाडीत बायकाच बायका, मांडीवर गाडगी, वरून घोंगडं नायतर शाल. कुणाचं लग्न असंल म्हणून परत झोपलो. पुन्हा उठलो तर गाडीत मी आन् कंडक्टर. बाकीचे मधेच शेताशेतात उतरून गेलेले. बरं झालं, पाय पसरले.

लातूर. गोलाईत आलो तर सगळे शटर खाली. एक भाजीवाला नाही, चहावाला नाही. चौकात कुत्री आडवी झोपलेली. घाण्याच्या दुकानाला हे मोठं कुलूप. मला वाटलं कायतरी राडा झाला. सावलीत एक पोलीस बसला होता, त्याला विचारलं.

"सायेब, कसला बंद हाय?"
"बंद न्हाई. येळवस हाय."
मी डोकं खाजवलं.
"कुठला हायस तू?"
"रेणापूर."

त्यानं माझ्याकडं वरून खाली बघितलं. म्हणला, "मला सांगितलंस ते सांगितलंस. पुढं कुणाला सांगू नको."

येळवस. सगळं लातूर शेतात जेवायला जातं त्या अमावस्येला मी दुकानांची तुलना करायला आलो. आमचं शेत बटईनं दिलेलं, आई भावाकडं पुण्याला, आक्काच्या सासरी भोकरकडं एवढं कुणी करत नाही. तरी. लातूरच्या शेजारच्या रेणापूरचा माणूस इसरतोय म्हणजे.

उद्या दुपारी मॅडम येणार. हातात रिकामी पिशवी. शटरवर नंबर होता, लावला.

"अप्पा, दुकान कधी उघडतंय?"
पलीकडं आधी हसणं. मग, "कुठून बोलून राहिलास?"
"दुकानापुढून."
"आज दुकानापुढं उभा राहिलेला तू पहिलाच. रेणापूर रोडला ये, शेतात. पोटात जागा ठेवून ये."

रस्त्यावर टेम्पोला हात केला. कुठं जायचं हेबी न विचारता वर ओढलं. त्यांचं शेत आधी आलं. उतरलो तर जाऊ देईनात. येळवसला वाटसरूला उपाशी सोडत नसतेत. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड, पुढं पंगत. भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. भज्जी लई भारी, हिरव्या तुरीच्या दाण्यांची, पण तेल पाकिटाचं. त्यांच्या म्हाताऱ्यानं स्वतःच सांगितलं. तिथून निघालो तर बांधाच्या पलीकडच्यांनी हाक मारली. तिथं गव्हाची खीर, गूळ घरच्या उसाचा, काळपट लाल, खाल्ला की घशात खरखरत नाही. तिथल्या पोरांना लिंबाला झोका बांधून दिला. मग स्वतःच बसलो झोक्यावर. अर्धा तास असाच.

दोन शेतं जेवून अप्पाच्या शेतात पोचलो. कपाळाला विभूती, डोक्याला उपरणं. मला बघून हात जोडले, म्हणला, "शरणार्थ. हाच का तो दुकानापुढचा?" सगळी पंगत हसली. त्याची बायको, तिला सगळे अव्वा म्हणतात, ताट घेऊनच आली. मी म्हणलं, अव्वा, दोन ठिकाणी झालं. ती म्हणली, "त्यांच्याकडं झालं. आमच्याकडं कुठं झालं?"

उंडा फोडला, अव्वानं त्यावर ठेचा ठेवला आन् वरून कच्चं तेल सोडलं. करडईचं. वास आला आन् हात थांबला. लहानपणी आई भाकरीवर हेच घालायची. एवढी वर्षं मी तेल खाऊन राहिलो ते काय होतं मग? दुकान १ चे मार्क तिथंच बसून खोडले.

जेवण झाल्यावर अप्पाला आक्काचं सगळं सांगितलं. मॅडम, उद्याची दुपार, भोकर. तो सुपारी कातरत ऐकत होता.

"आज इकत न्हाई," म्हणला.
"अप्पा, उद्या त्या येणार."
"येळवसला वजनकाटा धरत नसतो मी. माझ्या बापानंबी धरला न्हाई."

मी उठलो. खरंच उठलो, पाय जड झाले होते, तीन जेवणांनी नाही.

"आरं बस. इकत न्हाई म्हणलो. देत न्हाई म्हणलो का?"

कोपीच्या मागं घरच्या खाण्याचं सामान ठेवलेलं. त्यातूनच तेलाची कॅन, डाळ, गुळाची ढेप पिशवीत भरली. अव्वानं गाडगंभर भज्जी बांधून दिली, पाव्हण्याला रिकामं पाठवत नसतेत म्हणून. डाळ मळकट, साल कुठं कुठं चिकटलेली. दुकानात बघितली असती तर दोन मार्क दिले असते.

अप्पा म्हणला, "बहिणीचं जमलं तर दर सोमवारी ये. घाणा लहान, मागणारे लई. एक सोमवार चुकलास की तुझा वाटा दुसऱ्याला. तुझ्याकडं बघून सांगून ठेवतो."

माझ्याकडं बघून म्हणजे काय, ते विचारलं नाही.

गाडगं मांडीवर घेऊन चाललोय. सकाळच्या बायकांसारखं.

२० डिसें., शनि., नांदेड

जिंकलो.

सकाळी आक्कानं कॅनचं बूच काढलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं आन् तशीच उभी राहिली. मग म्हणली, "काल येळवस होती व्हय रे. मीबी इसरले." डोळे पुसले, कांद्याचं नाव सांगितलं. कांदा अजून चिरला नव्हता.

वरण, भाकरी, करडईच्या तेलातली वांगी, गुळाची खीर. मॅडम आल्या. वरण भुरकलं. आक्कानं शेवटी कालची भज्जी गरम करून वाढली. मॅडमचा घास तोंडाजवळ थांबला.

"ही कुठली?"
"लातूरच्या शेतातली," मी म्हणलं.
"मीही तिकडचीच, निलंग्याची. काल दिवसभर पेशंट होते. येळवस चुकली माझी."

भज्जी दोनदा मागून घेतली. डाळ हातात घेऊन बघितली, गूळ खाल्ला, तेल विचारलंसुद्धा नाही. जाताना उरलेली भज्जी आईसाठी डब्यात भरून घेतली आन् म्हणल्या, "सोमवारपासून पाठवा. पण ताई, हाच माल. एकदा जरी बदलला तरी कळेल मला."

दाजी दारात उभे राहून ऐकत होते. तसेच जाऊन जादा सिलिंडर घेऊन आले, खांद्यावरून. आक्का म्हणली, "पत्र्याचं काय झालं मग?" दाजी म्हणले, "कसले पत्रे?"

मार्क: अप्पा दहा. बचत गटाच्या मावशी ज्वारीसाठी कायम. शेठ चहासाठी कायम. बासरी शून्य.

२२ डिसें., सोम., माळेगाव

सकाळी पहिले डबे गेले. आक्कानं प्रत्येक झाकण दोनदा दाबलं. मला रिकाम्या कॅन दिल्या, डोक्यावरून हात फिरवला.

लातूरची गाडी धरली. वेळेवर. हे लिहून ठेवतो.

आता माळेगावात अडकलोय. खंडोबाची जत्रा, रस्त्यावर माणसंच माणसं, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. खिडकीच्या खाली पांढरे घोडे चाललेत, एक तर नाचत नाचत. पलीकडं तमाशाचा तंबू, त्याच्या पुढं उंट, उंटावर एक म्हातारा बिडी ओढून राहिलाय. मंडपवाल्याकडचा जुना दोस्त गर्दीतून ओरडला, "उतर की लेका, गाडी घंटाभर हलत न्हाई."

कंडक्टर म्हणतो पाच मिनिटं. कोण खरं बोलून राहिलंय कळायला मार्ग नाही.

आज सोमवार, आन् अप्पा संध्याकाळी घाणा बंद करतो. कॅन सीटवर ठेवल्यात. मी दारात येऊन उभा राहिलोय, एक पाय पायरीवर. ड्रायव्हरचा हात चावीकडं गेल्यासारखा दिसतोय.