कौसल्येची बोटं

१२ नोव्हें. १९६६, शनि.
रामपायलीची कौसल्या, वय ७. काल धानाच्या बैलबंडीवरून पडली, उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. डॉ. साहेबांनी बसवून प्लास्टर घातलं. आज सकाळपासून वॉर्डात माझी ड्यूटी. दुखण्याचं औषध दिलं, तासाभरात पोर पुन्हा मागते. नाडी लागते, बोटं गुलाबी, गरम. मग एवढं काहून?

दुपारी सहज तिचं मधलं बोट सरळ केलं, तर केवढ्यानं किंचाळली. बोट तर धड आहे! तिची आई म्हणाली, "बाई, काल पडली तवा बी इतकी नाही रडली."
साहेबांना सांगितलं. "नाडी आहे ना, सिस्टर? पोरं घाबरतात."
"साहेब, एकदा तुम्हीच सरळ करून पाहा."
पाहिलं. पोर पुन्हा तशीच किंचाळली, साहेबांचा चेहरा उतरला. प्लास्टर, आतला कापूस, सगळं कातडीपर्यंत कापलं. हात लाकडासारखा टणक. थोडं थांबलो. फरक नाही.
"आत सूज कोंडलीय, हात उघडावा लागेल," साहेब म्हणाले.
आई: "कापून टाकता का जी?"
"नाही, वाचवतो."
"मंग करा. तिच्या बापाले मी सांगीन."

१३ नोव्हें.
ऑपरेशन काल संध्याकाळच्या आत झालं. स्नायूवरचं पांढरं आवरण कापताच काळपट मांस उसळून वर आलं. बघता बघता लाल झालं. सगळं नाही. जखम उघडीच ठेवली.
नाडी चालू असून स्नायू मरतो कसा? साहेबांना विचारलं. "नहर भरून वाहते, पण धानाच्या बांधीत पाणी शिरत नाही, तसं."
कौसल्या: "दुखते, पन कालच्यावानी नाही."

१९ नोव्हें.
पुन्हा टेबलवर. थोडं मेलेलं मांस काढलं. साहेब हात धुताना म्हणाले, "मी त्या दिवशी सकाळीच पाहायला हवं होतं."
मी तरी सकाळी नाडीवरच...
वॉर्डाच्या वहीत लिहून ठेवलं: प्लास्टरमधलं मूल औषध परत परत मागत असेल तर बोटं सरळ करून पाहणे. नाडीवर विसंबू नये.

२८ नोव्हें.
जखमेवर मांडीची कातडी लावली होती, धरली. अंगठा हलतो, पहिली दोन बोटंही. अनामिका, करंगळी नाही.
कौसल्या: "बाई, हे दोन काहून नाही आयकत?"
"माहीत नाही गं."
आज अनामिका सरळ करताना आतून किंचित ओढ लागली. तिनं ओढलं की मला भास? म्हटलं, पुन्हा ओढ.
"हौ, ओढून तं राह्यली मी!"
तिचे डोळे गच्च मिटलेले. मी बोट धरून बसले, पुन्हा ओढ लागते का पाहत.