तुझ्या पोटरीच्या वकिलीबद्दल

बुधवार, सकाळ. स्थळ : स्वयंपाकघरातले टेबल, तुझ्या कपाखाली.

तू झोपली आहेस आणि मला शाळा गाठायची आहे, म्हणून लिहितो. दूध तापवले आहे. काल तुला न सांगता तुझ्या पोटरीतल्या फुगलेल्या शिरांचा सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन मी शिरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. पार्लर बंद ठेवावे लागेल या धास्तीने तू उपचाराचा विषयच काढू देत नाहीस. पण लेसरने, शीर आतून चिकटवणाऱ्या ग्लूने किंवा फोमच्या इंजेक्शनाने, कशानेही ती फुगलेली शीर बंद केली तरी माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो म्हणे.

मग बंद शिरेतले रक्त जाते कुठे, हे मी विचारलेच. आतल्या खोल शिरा ते वाहून नेतात. वरची शीर बिघडलेलीच होती, तिच्यावाचून काही अडत नाही. किती सुंदर व्यवस्था आहे ही!

लेसरनंतर घालावे लागतात तसे घट्ट मोजे ग्लूनंतर बहुधा लागत नाहीत, म्हणून मी ग्लूची बाजू तावातावाने मांडली. लेसरचा अनुभव अधिक वर्षांचा, असे बाई म्हणाल्या; मी त्याचेही खंडन केले. तेव्हा त्यांनी विचारले, "रात्री त्यांच्या पायात गोळे येतात का? घोटा सुजतो? सुईची भीती वाटते?"

इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला यातले एकही सांगता आले नाही. उद्या सकाळची वेळ घेतली आहे; नको असल्यास रद्द कर, मी वाद घालणार नाही. बाईंचा निकाल जसाच्या तसा देतो : "मास्तर, ज्यांचा पाय आहे त्यांना आणा. तुम्ही बाहेर बसा."