पाचचा फोन

५ जानेवारी, सोमवार

राहात्याला येऊन आज चौथा दिवस. आप्पांनी मला अजून ओळखलेलं नाही. बाकी सगळं ठीक.

सकाळी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईने नमस्कार केला, तर आप्पांनी रीतसर हात जोडले. "नमस्कार, बसा." मी चहा घेऊन गेले, मलाही तसाच नमस्कार. "तुमी नव्या लागल्या का कामाला? अलकीनं पाठवलं आसंल."

मीच अलका, आप्पा.

हसले. "अलका सुप्याला हाय, कंपनीत. रोज पाचाला फोन करती. तोंड दिसतं तिचं."

खोटं नाही ते. आई गेल्यापासून दोन वर्षं रोज पाचला व्हिडिओ कॉल. सवय मीच लावली. आता त्यांची लेक तळहाताएवढी आहे आणि फोनमध्ये राहते.

६ जानेवारी

गोळ्या घेईनात. "अनोळखी मानसाच्या हातचं औषध आमी घेत न्हाई." दोनदा थुंकून दिल्या.

पावणेपाचपासून फोन मांडीवर घेऊन बसले. पाच वाजले, पाच-दहा झाले. मी समोर भांडी पुसत होते. "आजबी इसरली वाटतं," असं इतक्या बारीक आवाजात म्हणाले की मला राहवेना. मागच्या दाराने पेरूच्या बागेत गेले, झाडाआड उकिडवी बसले आणि फोन लावला.

"आली गं माझी बाय!"

चार दिवस हेच ऐकायचं होतं. घरात मला "तुमी", फोनवर "गं". नव्या बाईची तक्रार झाली: चहात साखर घालत नाही. मी म्हटलं, डॉक्टरांनीच सांगितलंय, आणि तिच्याकडून गोळ्याही घ्यायच्या. "तू म्हनती तर घेतो." आत आले, तर हात पुढे करून बसलेले.

मला माझाच वशिला लागला.

९ जानेवारी

कॉल चालू असताना आमचा कोंबडा आरवला. आप्पांना दोन्हीकडून ऐकू आला. "तुमच्यातला बी येकाच टायमाला आरवतो व्हय गं?" मग मागचं झाड दिसलं. "पेरू लावला का सुप्याला? आपल्यावानीच वाकलाय." म्हटलं, आपलीच फांदी नेऊन लावली होती. फार खूश झाले. खत कधी घालायचं ते पंधरा मिनिटं सांगितलं. उद्यापासून गोठ्याच्या भिंतीला टेकून बोलायचं.

शेजारच्या मंदाकाकूंनी कुंपणावरून सगळं पाहिलं. "आगं, बाप तीस पावलांवर बसलाय, घरात जाऊन बोल की!" सांगितलं त्यांना. आधी पदर डोळ्यांना लावला, मग त्यांना हसू फुटलं, मग मलाही. दोघी किती वेळ हसत होतो. नंतर हात-पाय धुऊन आत गेले, तर रडायलाच आलं.

११ जानेवारी, रविवार

आजोबा आंघोळीला गेले की मी व्हिडिओ बघते. अरे, आजोबा काय लिहिलं! मंदाकाकूंची नात म्हणते तसं. माझीही जीभ आता घसरायला लागली.

तर, व्हिडिओ. एकात माणूस नुसता मळका गालिचा धुतो. वीस मिनिटं पाहिला, बरं वाटलं. दुसऱ्यात एक डॉक्टर: विसरभोळ्या माणसाला खोटं पाडू नका, त्यांच्या जगात तुम्ही जा. लगेच केसांच्या तेलाची जाहिरात. गेले की मी त्यांच्या जगात. तिथे मी स्वयंपाकीण आहे.

१२ जानेवारी

सातच्या मालिकेत मेलेला नवरा परत आला. अपघातात चेहरा बदललाय, नट तर सरळ दुसराच आहे, आणि बायकोने त्याला खोकल्यावरून ओळखलं! आप्पा टाळ्या वाजवायला लागले. "बगा बाई, आपलं मानूस लपत आसतं व्हय!"

माझा चेहरा तोच आहे. मी खोकून पाहिलं. "पानी प्या," म्हणाले.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाचे लाडू केले, आईच्या प्रमाणाने. आप्पांनी एक खाल्ला आणि थांबले. "हे आमच्या मंडळींच्या हातचं हाय." मी जवळ सरकले. मग म्हणाले, "तुमी कुटं शिकल्या?"

सांगितलं, आईकडून.

"चांगली हुती तुमची आई."

हो, म्हटलं. 

एक लाडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला, गोड बोला म्हणाले. दोन लाडू डब्यात ठेवले, अलका आली की द्यायला. डब्याला हात लावायचा नाही, अशी मला ताकीद.

१७ जानेवारी, शनिवार

आज मी मूर्खपणा केला. लिहून ठेवते, म्हणजे परत होणार नाही.

वाटलं, समोर बसूनच फोन लावावा. फोनमधली आणि समोरची एकदम दिसली की पटेल. पाचला त्यांच्या पुढ्यात बसले. "आप्पा, बघा. फोनमध्ये मी, इथंही मी."

त्यांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोनकडे. फोनला म्हणाले, "अलके, ही बाई तुजं लुगडं नेसून बसलीय. तुजं काय केलंय हिनं?"

घाबरले होते. माझे आप्पा मला घाबरले. फोन उशीखाली घातला आणि उशी दाबून धरून बसले, चहाही घेतला नाही.

साडी बदलून गोठ्याकडे गेले आणि पुन्हा लावला. कितीतरी वेळाने उचलला. मी बरी आहे, आप्पा, म्हटलं. बाई चांगली आहे, साडी मीच तिला दिली.

"आसं व्हय? मग तिला बोललो ते चुकलं माजं."

आत आल्यावर माझी माफी मागितली. हात जोडून. मला ते सहन झालं नाही.

२१ जानेवारी

रजा संपत आली. सव्वीस जानेवारीची सुट्टी धरून मंगळवारी कामावर हजर व्हायचंय. आप्पांना एकटं ठेवणं आता शक्य नाही. रात्री ह्यांच्याशी बोलले. हे म्हणाले, घेऊन ये, माझी पहिली पाळी, तू दुसरी मागून घे, घरी कोणीतरी राहील. पाचचा फोन कंपनीच्या कँटीनमधून करता येईल. तेव्हा मी खरोखर कंपनीतच असेन, तेवढं एक खोटं कमी.

पण आप्पांना विचारायचं कोणी? बाईने सांगितलं तर उंबरा ओलांडणार नाहीत.

२२ जानेवारी

पाचला फोनवरच विचारलं. "आप्पा, सुप्याला चला माझ्याकडं."

त्यांची मान बागेकडे वळली. मला वाटलं, बाग सोडवत नाही.

"येतो की," म्हणाले. मग फोन तोंडाजवळ घेऊन, हळू आवाजात, "पन या बाईचं काय करायचं गं? तिला कुनी न्हाई वाटतं. कुनाचा फोन येत न्हाई तिला. मागं जाऊन रडती, डोळं लाल घिऊन येती. हिला येकटीला सोडून कसं यायचं?"

गोठ्याची भिंत धरून उभी होते. तिलाही आणा, आप्पा, एवढंच बोलता आलं.

आत गेले, तर दारातच उभे. किती आनंद तोंडावर! "चला बाई, आवरा. अलकीनं तुमालाबी बोलवलंय."

२३ जानेवारी, शुक्रवार

पिशव्या भरल्या. आप्पांचा फोन, चार्जर, गोळ्या, आईचा फोटो, लाडवांचा डबा. डब्यात मुंग्या झाल्यात. झटकून परत ठेवला, टाकू देईनात. "अलकीच्या हातात मी दीन."

मंदाकाकू बागेकडे बघणार आहेत. गाडी उद्या सकाळी आठला.

दुपारपर्यंत सुप्यात पोहोचू. हे पहिल्या पाळीला गेलेले असतील, म्हणजे घराला कुलूप. आप्पा डबा घेऊन दारात उभे राहणार आणि अलकेला हाक मारणार.

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.