फेड की भेट

सगळ्यात आधी आली ती फुमिए. पाऊस नसताना हातात छत्री, म्हणजे नवरा मागून येतोय आणि त्याला आधार लागला तर काठी असावी. मागून शोझो-सान. वय एक्याण्णव, पण काठी घेणार नाहीत. घरात काही चढले नाहीत, उंबऱ्याच्या पायरीवरच बसले. "वर या की," म्हटलं तर म्हणाले, "वहिनी, वर आलो की तुम्ही खायला घालणार, आणि खाल्लं की मला नाही म्हणता येत नाही."

ते गेले आणि मी लगेच कागद पुढे ओढला. दस्त करणाऱ्या निशिगाकीबाईंनी सांगितलंय की मृत्युपत्र सगळं स्वतःच्या हातानं लिहायचं, तारीख घालायची, नाव घालायचं, शिक्का मारायचा. चित्रासारखी अवघड अक्षरं मला थोडीच येतात. शाळा लढाईनंतरच्या उपासमारीत बुडाली, उरलेली शेवयांत. तेव्हा सोप्या अक्षरांत लिहिते. वाचणाऱ्यानं हसावं, पण शेवटपर्यंत वाचावं.

तर: मी किनुए शिओदे, कै. तामोत्सु शिओदे यांची बायको, वय शहाऐंशी, राहणार शोदोशिमा बेट, आज डोकं ठिकाणावर असताना, कोणी दटावलं नाही, गोड बोलून फसवलं नाही, अशा स्थितीत माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे याचा पुरावा म्हणजे आज सकाळी शोझो-सानना जे बोलायचं ते बोलले आणि जे बोलायचं नाही ते गिळलं.

कलम एक. राहतं घर, मागची शेवयांची खोली आणि वाळवणाचं अंगण माझी मुलगी साएको हिला. साएको, तू ताकामात्सुहून बोटीनं येऊन म्हणालीस, "आई, मला ते घर नको. घराबरोबर त्या जुन्या कर्जातल्या तोरिगोएंचं अख्खं गोत माझ्या नावावर येईल." बरोबर आहे तुझं. म्हणून घर फक्त तुझ्या हातातून पुढे जावं एवढंच. पुढे म्हणजे ताकुमा आणि नात्सुनो या जोडप्याला. ठरलेल्या भावात, एक येनही वर न घेता. ते दोघं इथे परत शेवया करणार आहेत. नात्सुनोनं पहिल्यांदा अंगणातल्या शेवया वाळवायच्या रिकाम्या चौकटी पाहिल्या तेव्हा म्हणाली, "आजी, इथे वारा कुठून येतो?" घर बघायला आलेल्या बाकीच्या सगळ्यांनी विचारलं होतं, गाडी कुठे लावायची. मी त्याच दिवशी तिला घर देऊन टाकलं, मनात.

पण देता येईना. ते कलम पाचमध्ये.

कलम दोन. हत्यारं. पीठ मळायचा दगड, तेलाचं मडकं, आणि शेवया सोडवायच्या लांब बांबूच्या काठ्या. चिकटलेल्या शेवया या काठ्यांनी वरून खाली विंचरतात, पोरीचे केस विंचरावेत तसं. हे सगळं नात्सुनोला, घराचा व्यवहार होवो न होवो. काठ्यांतली एक वाकडी आहे, ती टाकू नये. ती माझ्या सासूबाईंच्या हाताची आहे आणि तिच्यानंच शेवटच्या गाठी सुटतात. सासूबाईंच्या तोंडाबद्दल मी इथे लिहीत नाही. त्यांचं तोंड त्या बरोबर घेऊन गेल्या, काठी ठेवून गेल्या.

कलम तीन. टपाल कचेरीतले पैसे. माझ्या क्रियाकर्माला आणि देवळाला. उरतील ते नात मिनोरीला. तिनं त्यांचं काहीतरी चैनीचं घ्यावं, उपयोगाचं घेतलं तर मी स्वप्नात येईन.

कलम चार. नणंद हिसानो हिनं माझ्याकडून लाखेचे वाडगे नेले होते, तिच्या मुलाच्या लग्नात. परत आले तेव्हा एक कमी. हिसानो म्हणाली, "वहिनी, तुम्हीच कमी दिले असतील." आता ती नाही, वाडगेही कोणी वापरत नाही. तरी उरलेले वाडगे तिच्या सुनेला द्यावेत, म्हणजे जोड पूर्ण होईल. कुठे का असेना.

(वरच्या ओळीत एक शब्द खोडला आहे. खोडल्यावर बाजूला शिक्का मारायचा असतो म्हणून मारला. तो शब्द हिसानोबद्दलच होता.)

कलम पाच. आता बोजा.

घर विकायचं ठरलं, निशिगाकीबाईंनी नोंदणी कचेरीतून उतारा काढला आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्या घरावर बोजा आहे." मी म्हटलं, "आहेच की, मी बसलेय ना." त्या हसल्या नाहीत. लढाईच्या आधी, वादळात छप्पर उडालं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, तेलवाले मोहेई तोरिगोए यांच्याकडून कर्ज घेतलं होतं आणि घर तारण लिहून दिलं होतं. त्या रकमेत आज कढणातल्या नूडल्सचा वाडगासुद्धा येत नाही. पण उताऱ्यावर ते तसंच बसलंय, आणि बसलंय तोवर बँक ताकुमाला पैसे देणार नाही. बँक वर्षअखेरपर्यंत थांबेल म्हणते. शेवया थंडीतच होतात. थंडी गेली की पोरं दुसरीकडे घर बघतील आणि हे घर, बेटावरच्या इतर रिकाम्या घरांसारखं, वेलींच्या पोटात जाईल.

बोजा उतरवायचा तर मोहेईंच्या सगळ्या वारसांचे शिक्के हवेत. मोहेई गेले, त्यांची मुलं गेली, आता नातवंडं-पतवंडं. आणि खरं सांगते, या संकटानं माझं घर भरलं! ओसाकाहून मोहेईंची एक पणती केकचा खोका घेऊन आली, जेवली, शिक्का मारला आणि माझ्या चटईवर दुपारभर झोपली. हिरोशिमाचे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, ते माझ्या जेवणाच्या टेबलावर बोलले. ब्राझीलमधल्यानं तर सही आणि अंगठा पाठवला, तिकडे शिक्के नसतात म्हणे. वर पोरांचा फोटो. तो मी देवघरात लावलाय. मामंजींनाही बघू देत, त्यांच्या कर्जाला किती गोड पोरं झालीत.

राहिले एकटे शोझो-सान. मोहेईंचे थेट नातू, दोन गल्ल्या सोडून राहणारे, माझ्या नवऱ्याचे मासे पकडायचे सोबती.

अडलंय एका शब्दावर. कागदावर कारण लिहावं लागतं, बोजा का उतरतोय. निशिगाकीबाईंनी तीन शब्द सांगितले. एक 'फेड', म्हणजे कर्ज फिटलं. दुसरा 'माफी', म्हणजे त्यांनी सोडून दिलं. तिसरा 'मुदत', म्हणजे इतकी वर्षं गेली की आता कोणाचा हक्कच उरला नाही. बाकीचे वारस म्हणाले, तुम्ही म्हणाल तो लिहा. शोझो-सान म्हणाले, "माफी लिहा, आत्ता शिक्का मारतो."

माफी कशी लिहू? मामंजी गेले त्या दिवशी माझा हात धरून म्हणाले होते, "सूनबाई, तोरिगोएंचं सगळं फिटलं." आणि फिटताना मी पाहिलं होतं. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षअखेरीला पहिल्या थंडीच्या शेवयांची पेटी मीच तोरिगोएंच्या दारात न्यायचे. मामंजी सांगायचे, "खाली वाक, बोलू नकोस." परतफेड उघडी नेली तर समोरच्याच्या अंगावर पैसे फेकल्यासारखं होतं, म्हणून पेटीवर भेटीचा कागद, लाल-पांढऱ्या दोऱ्याची गाठ. मीच बांधायचे. आणि नोंद उतरवा म्हणून मोहेईंना कचेरीत या म्हणणं, म्हणजे आमचा तुमच्यावर विश्वास नाही म्हणणं! तसलं कोण विचारतं?

पण कागद भेटीचा, म्हणून तिकडे ती भेटच झाली. भेट आली की परतभेट द्यावी लागते. दर वर्षी तिकडून तिळाच्या तेलाचा डबा यायचा. ते तेल आमच्या शेवयांना, त्या शेवया त्यांच्या पोटात. मामंजी फेडत राहिले, मोहेई परत करत राहिले, दोघंही एकमेकांना वाकून नमस्कार करत मेले. आता सांगा, फिटलं की नाही? निशिगाकीबाई शिकलेल्या आहेत, त्यांनाही सांगता येईना.

मी शोझो-सानना मागच्या महिन्यात हेच म्हटलं. "त्या भेटी नव्हत्या, हप्ते होते."

त्यांचा चेहरा असा पडला की मला माझंच बोलणं परत घ्यावंसं वाटलं. म्हणाले, "वहिनी, उपाशी वर्षं होती ती. घरात रताळं आणि पाणी. वर्षाच्या शेवटच्या रात्री आजोबा ती पेटी आमच्यासमोर उघडायचे. म्हणायचे, बघा रे, शिओदेंकडची भेट, माणसं अशी असावीत. आजोबांचं तेवढं एकच हसू मला आठवतंय. आणि तुम्ही म्हणता हप्ता? आम्ही पोरांनी कर्जदाराच्या तोंडचा हप्ता खाल्ला?"

माफी लिहिली तर माझे मामंजी बुडवे. फेड लिहिली तर त्यांचे आजोबा सावकार. आणि मुदत लिहिली तर दोघंही चोरासारखे वर्षं मोजत लपून बसलेले. निशिगाकीबाई म्हणतात, "आजी, एक दावा लावून टाका, न्यायालय उतरवून देईल. नुसती कागदोपत्री गोष्ट आहे, कोणी मनावर घेत नाही." बाईंचं माहेर मोठ्या शहरातलं. माझ्या चटईवर झोपून गेलेल्या पोरीला, देवघरातल्या फोटोतल्या पोरांच्या बापाला मी समन्स पाठवू? जमायचं नाही. माझ्या पश्चातही कोणी पाठवू नये, ही ताकीद समजावी.

आणि वेळ तर आमच्याकडे नाही. शोझो-सान गेले तर त्यांच्या एका शिक्क्याचे त्यांच्या लेकरांचे पाच शिक्के होतील. मी गेले तर साएको हात वर करील. हल्ली आम्ही दोघं रोज एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतो. फुमिए म्हणते, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा खोकला कधी विचारला नाही यांनी. तुमचा गुडघा मात्र रोज विचारतात." मी हसते, पण रात्री गुडघा दुखला की घाबरते. काय करू, मला काहीच करता येत नाही. या घरात इतकी वर्षं मी पिठाला हवं तसं ओढलं, केसाएवढं बारीक केलं, तुटू दिलं नाही. हा एक शब्द ओढता येत नाही.

कलम सहा. शेवटची पेटी.

मी आणि तामोत्सुनं केलेल्या शेवटच्या थंडीतल्या शेवयांची एक पेटी माळ्यावर होती. शेवया जुन्या झाल्या की आणखी चांगल्या होतात, माणसांचं तसं नाही. ती पेटी मी माझ्या मरणानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या जेवणासाठी ठेवली होती, आलेल्यांनी माझ्या हातचं खाऊन जावं म्हणून. ते कलम आता रद्द. साएको, त्या दिवशी दुकानातल्या शेवया आण. कोणाला कळणार नाही. कळलं तर बोलणार नाहीत.

आज सकाळी ती पेटी मी शोझो-सानसमोर पायरीवर ठेवली. म्हटलं, "जुन्या सगळ्या भेटीच होत्या. तुमचे आजोबा खरं बोलले. सगळं फिटलं म्हणताना माझे मामंजी चुकले असतील, कागद बांधायला शिकवलं ते काही उगीच नाही."

"मग ही?"

मी खाली वाकले.

त्यांनी पेटीवर हात ठेवला. इकडून तिकडे फिरवला, दोरा शोधत असल्यासारखा. "वहिनी, हिला कागद नाही."

"नाही."

"वर्षअखेरही नाही अजून."

"नाही."

फुमिए मध्येच, "अगं बाई, विसरलात होय! थांबा, माझ्या घरी आहे कागद, मी पळत जाऊन..."

"तू गप बस गं," शोझो-सान म्हणाले, पण हळू. मग अंगणातल्या रिकाम्या चौकटींकडे बघितलं. उठताना फुमिएच्या छत्रीचा आधार घेतला, पहिल्यांदाच. "तामोत्सुच्या हातची आहे?"

"दोघांच्या."

"उघडी पेटी गल्लीतून कशी नेऊ? लोक बघतील. कापड घेऊन येतो."

शिक्क्याचं काही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. तसलं कोण विचारतं?

पेटी अजून पायरीवरच आहे. मामंजी, रागावू नका. एकच पेटी उघडी दिली, तुमच्या नावानं, फेड म्हणून.

शोझो-सान कापड घेऊन येईपर्यंत मला काही झालं, तर साएको, तू ती पेटी त्यांच्या हातात दे. वाक, बोलू नकोस. आणि काही झालं तरी तिला कागद लावू नकोस.

हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं आहे. अशा कागदाला साक्षीदार लागत नाहीत म्हणतात, पण आमच्या गल्लीत कोणी बघितल्याशिवाय काही घडत नाही, म्हणून दोघांनी शेजारी बसून चहा घेत पाहिलं.

ठिकाण: शोदोशिमा, राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: रेइवा शकाचं सातवं वर्ष, अकरावा महिना, अठरा तारीख, मंगळवार
लिहिणार: किनुए शिओदे (शिक्का)
साक्षीदार: तोकुए इनोहारा, शेजारीण (शिक्का)
साक्षीदार: रोकुरो मासुनागा, टपाल वाटणारे (शिक्का घरी राहिला, सही केली आहे)

सही झाल्यावर आठवलं म्हणून खाली लिहून वेगळा शिक्का मारते. शोझो-सान आणि फुमिए कापड घेऊन परत येणार ते परवा, गुरुवारी, वीस तारखेला, सकाळी.