बाबांच्या लेखाची जुनी आवृत्ती

खामगाव, मंगळवार, संध्याकाळ

घटनाक्रम असा. खामगावच्या जिनिंग कारखान्यांविषयीच्या आमच्या विकी संकेतस्थळावर बाबांनी लेख लिहिला: कापसाची प्रत हाताने कशी ओळखावी. मी तो संपादित केला आणि त्यातला घरगुती मजकूर अप्रस्तुत म्हणून काढला. नंतर बाबा गेले. आज सर्व्हर सांभाळणाऱ्या इरफानने विकी नव्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या नव्या कप्प्यात, हलवताना प्रत्येक पानाची केवळ शेवटची आवृत्ती घेतली आणि जुना कंटेनर साठवलेल्या माहितीसकट पुसून टाकला.

विकीवर काढलेला मजकूर नष्ट होत नाही, पानाच्या इतिहासात, जुन्या आवृत्त्यांमध्ये, राहतो. त्याच भरवशावर मी तो काढला होता.

संतापून इरफानला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पानं तं सगळे आले. जुनं काऊन पाहिजे आता? तुम्हीच तं काढलं होतं."

निष्काळजी माणूस. मी फोन ठेवला.

त्या मजकुरातले एकच वाक्य आठवते: 'पोरगी कापसाच्या गंजीवर झोपून जाये.' पुढे काय होते? मला उचलून घरी कोण आणत असे, तेही लिहिले होते. बहुधा. लेखात आता एकही शब्द जास्तीचा नाही. पोरगी गंजीवर झोपून जाये, आणि मग?

इरफानला ईमेल लिहिते आहे. जुन्या माहितीची एखादी प्रत कुठे उरली आहे का, हे उद्या लेखी कळवावे. उरली नसल्यास तेही लेखीच द्यावे. तोंडी सांगितलेले मी मानणार नाही.